किण्व आणि देवमासा

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं नववीच्या वर्गास किण्वाच्या पेशी दाखविण्याचा प्रसंग आला. किण्व म्हणजे पाव फुगविण्यासाठीं बेकरीवाले पिठांत घालतात व बाजारांत ज्यास यीस्ट म्हणतात तें द्रव्य. गोव्यांतील पोदेर पूर्वीं ह्याच कामासाठीं माडाची सूर वापरीत, कारण सुरेंत हें किण्व आपोआप उतरलेलें असतें. आदल्या रात्रीं आम्हीं कोमट साखरपाण्यांत चिमूटभर किण्व भिजत घातलें होतें. सकाळीं पाहतों तों बाटलीच्या तोंडाशीं फेंस चढलेला आणि सगळ्या प्रयोगशाळेंत आंबूस वास सुटलेला. त्या पाण्याचा एक थेंब कांचेवर घेऊन आम्हीं तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला व मुलामुलींनीं रांगेनें येऊन एक डोळा मिटून त्यांत डोकावून पाहिलें. वाटोळे, किंचित् लांबट, पाण्यासारखे स्वच्छ असे शेंकडों मणी तेथें दिसत होते. कित्येक मण्यांच्या कुशीस दुसरा एक बारीक मणी फुटलेला होता.

एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, ही वनस्पति कीं प्राणी?" आम्हीं फारसा विचार न करतां उत्तर दिलें, "ही बुरशी आहे. वनस्पतींतच धर." इतक्यांत मागच्या बांकावरून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ह्या भिंतीवरच्या देवमाशापुढें हें म्हणजे कांहींच नाहीं!" भिंतीवर निळ्या देवमाशाचें जुनें रंगीत चित्र टांगलेलें आहे. वर्ग हंसला, आम्हीहि हंसलों, आणि घंटा झाली.

घरीं गेल्यावर मात्र आमच्या ध्यानांत आलें कीं आमचें उत्तर चुकीचें होतें आणि तें हंसणेंहि अस्थानीं होतें. आमच्या विद्यार्थिदशेंत जें पुस्तक आम्हीं पाठ केलें त्यांत बुरशी वनस्पतींत घातलेली होती, आणि जुनी संवय जिभेवरून लवकर जात नाहीं. वर्गांत केलेली चूक वर्गांतच सुधारावी, त्याप्रमाणें ती आम्हीं दुसऱ्या दिवशीं सुधारली. परंतु खरें उत्तर पाऊण तासांत मावण्यासारखें नव्हतें, आणि तें पालकांच्याहि कानीं जावें असें आम्हांस वाटलें. म्हणून हा लेख.

प्रथम देवमाशाकडे वळूं. निळा देवमासा हा आज पृथ्वीच्या पाठीवर असलेला सर्वांत प्रचंड प्राणी होय. मादी नरापेक्षां मोठी असते. पूर्ण वाढलेल्या मादीची लांबी ८० ते ९० फूट, क्वचित् १०० फुटांच्या जवळपास भरते आणि वजन १०० ते १५० टन, कधीं त्याहूनहि अधिक असतें. कॅनडांतील टोरांटो येथील संग्रहालयांत एका निळ्या देवमाशाचें हृदय जतन करून ठेवलें आहे. तें सुमारें १८० किलो भरलें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानजीक अशाच एका देवमाशाच्या अंगावर लहानसें यंत्र चिकटवून शास्त्रज्ञांनीं त्याच्या हृदयाचे ठोके मोजले व ते २०१९ सालीं प्रसिद्ध केले. खोल बुडी मारली असतां तें हृदय मिनिटास चार ते आठ वेळां, आणि मधूनमधून तर दोनच वेळां पडे. पृष्ठभागावर येऊन श्वास घेतांना तेंच २५ ते ३७ वेळां पडे. नुकतें जन्मलेलें पिल्लू २३ फूट लांब आणि अडीच टन वजनाचें असतें, व आईच्या दुधावर तें दररोज सुमारें ९० किलो वाढतें. आमच्या वर्गांतील दोन विद्यार्थी मिळून इतके भरतात. आणि ह्या सर्व देहाचें पोषण होतें तें क्रिल नांवाच्या, बोटाच्या दोन पेऱ्यांएवढ्या, सुंगटासारख्या जीवावर. निळ्या देवमाशास दांत नसतात. वरच्या जबड्यास फणीसारखीं पातीं असतात. तो घोट भरून पाणी घेतो, पातींतून तें बाहेर काढतो आणि आंत अडकलेलें क्रिल गिळतो.

आपल्या किनाऱ्यास हा प्राणी अगदींच अपरिचित नाहीं. २०१५ सालच्या जून महिन्यांत रायगड जिल्ह्यांतील रेवदंड्यास सुमारें ४२ फूट लांबीचा एक निळा देवमासा वाळूस लागला व तेथेंच मेला. लांबीवरून पाहतां तो वयानें लहानच म्हणावयाचा. देवमासा हवेंतच श्वास घेतो, मग किनाऱ्यावर तो मरतो कां, असें पुष्कळांस वाटतें. पाणी त्याचें वजन तोलून धरीत असतें. जमिनीवर तेंच वजन त्याच्या फुप्फुसांवर पडतें आणि त्यास श्वास घेणें कठीण होत जातें. शिवाय त्याच्या कातडीखालीं चरबीचा जाड थर असल्यामुळें पाण्याबाहेर त्याचें अंग तापतें तें वेगळेंच.

आतां किण्व. त्याची एक पेशी ५ ते १० मायक्रॉन असते, आणि मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. शंभर-दीडशें पेशी एका ओळींत मांडल्या तर फुटपट्टीवरची बारीक रेघ ते रेघ एवढें एक घर भरेल. (किण्व हा सर्वांत लहान सजीव आहे असा मात्र कोणी समज करून घेऊं नये, दहीं लावणारे जंतु त्याहून पुष्कळ लहान असतात.) एक ग्रॅम ओल्या किण्वांत सुमारें दहा ते वीस अब्ज पेशी असतात. आपण पंधरा अब्ज धरूं. मग १५० टनांच्या देवमाशाइतकें वजन होण्यास किती पेशी लागतील? २२५ ह्या आंकड्यावर सोळा शून्यें दिलीं म्हणजे जी संख्या होते तितक्या.

ही संख्या वाचून मागच्या बांकावरील विद्यार्थ्यास आपलेंच म्हणणें खरें वाटेल. परंतु थोडें थांबावें. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे: पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, आणि चौसष्टाव्या घरापर्यंत पोंचतां पोंचतां राजाचीं कोठारें रितीं. किण्वाची पेशी तोच हिशेब चालविते. खाद्य आणि ऊब पुरेशी मिळाल्यास एका पेशीच्या दोन होण्यास सुमारें दीड तास लागतो. एकसष्ट वेळां दुप्पट झाली, म्हणजे पटावरील बासष्टाव्या घरांत, वर सांगितलेली संख्या भरते. एकसष्ट वेळां दीड तास म्हणजे साडेएक्याण्णव तास. सोमवारीं सकाळीं दहा वाजतां एक पेशी सोडली तर शुक्रवारीं पहांटे साडेपांच वाजतां तिचा वंश निळ्या देवमाशाच्या तोलाचा होईल! वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं लॉगॅरिथमचीं कोष्टकें घेऊन हें पडताळून पाहावें.

प्रत्यक्षांत असें होत नाहीं, आणि तें बरेंच आहे. बाटलींतील साखर संपते. शिवाय साखर खाऊन किण्व जो मद्यार्क बाहेर टाकतें तोच पुढें त्यास मारक होतो. त्याचें प्रमाण शेंकडा बारा ते पंधराच्या घरांत गेलें कीं बहुतेक किण्वांचें काम थांबतें. देवमाशाची गोष्ट उलट आहे. मादी जवळजवळ वर्षभर गर्भ वाहते आणि दोन-तीन वर्षांतून एकदां एकाच पिल्लास जन्म देते. ह्या मंद वाढीमुळें विसाव्या शतकांत त्याचा घात झाला. १९३०-३१ च्या एकाच हंगामांत दक्षिण महासागरांत २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले, आणि त्या शतकांत दक्षिण गोलार्धांत एकंदर साडेतीन लाखांहून अधिक. १९६६ सालीं आंतरराष्ट्रीय मंडळानें त्यांच्या शिकारीस बंदी केली. त्यास आतां अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्यांची संख्या पूर्वीच्या मानानें अद्यापि थोडीच आहे. बाटलींतील किण्व कितीहि ओतून टाकलें तरी तळाशीं राहिलेल्या चार पेशी आठवड्यांत तिला पुन्हां फेंस आणतील.

देवमासा इतका मोठा झाला कशानें, हा प्रश्न आम्हीं वर्गांत विचारला तेव्हां बहुतेकांनीं "त्याच्या पेशी मोठ्या असतील" असें उत्तर दिलें. तसें नाहीं. त्याच्या अंगांतील बहुसंख्य पेशी १० ते २० मायक्रॉनच्या, म्हणजे किण्वाच्या दुप्पट-चौपट लांबीच्या आहेत, आणि तुमच्या आमच्या अंगांतील पेशींइतक्याच आहेत. (मज्जातंतूंच्या पेशींस लांबलचक धागे असतात, तो अपवाद.) पेशी फार मोठी कां होऊं शकत नाहीं ह्याचें कारण भूमितीचें आहे. एका घनाची बाजू दुप्पट करा. पृष्ठभाग चौपट होतो, पण आंतील जागा आठपट होते. पेशीस अन्न व प्राणवायु मिळतो तो तिच्या पृष्ठभागांतून, आणि तो खपतो आंतील जागेंत. तेव्हां पेशी जों जों फुगेल तों तों तिची उपासमार होईल. किण्वानें ह्यावर उपाय केला तो असा कीं, पेशी जरा मोठी झाली कीं तिला अंकुर फुटावा व तो वेगळा व्हावा. देवमाशाच्या पेशींनीं दुसरा मार्ग धरला: वेगळें न होतां त्या एकत्र राहिल्या, आणि सर्वांस अन्न-हवा पोंचविण्यासाठीं फुप्फुसें, रक्त व तें १८० किलोंचें हृदय उभें केलें. अशा रीतीनें पेशीस पेशी लावून पाहिली असतां हत्तीपुढें मुंगी असावी तसें हें अंतर मुळींच राहत नाहीं.

ह्याहूनहि नवलाची गोष्ट पुढें आहे. किण्व आणि देवमासा ह्या दोघांसहि पंडितांनीं दीर्घकाळ चुकीच्या घरांत नेऊन बसविलें होतें, आणि दोन्ही वेळां चुकीचें कारण एकच: बाहेरून जें दिसलें त्यावर विश्वास. देवमासा पाण्यांत राहतो, त्यास कल्ल्यांसारखे वल्हे आहेत, म्हणून तो मासा. ॲरिस्टॉटलसारख्या चौकस माणसास तो श्वास घेतो व पिल्लांस दूध पाजतो हें ठाऊक होतें, तरी बहुतेक ग्रंथकार त्यास माशांतच मोजीत आले. १७५८ सालीं लिनीअस नांवाच्या स्वीडिश पंडितानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत त्यास माशांतून काढून सस्तन प्राण्यांत घातलें. आपल्या भाषेनें तो निकाल अद्यापि मानलेला नाहीं. आपण त्यास देवमासाच म्हणतों, आणि तें नांव बदलावें असें आम्हांसहि वाटत नाहीं.

बुरशीची चूक सुधारण्यास आणखी दोनशें वर्षें लागलीं. भूछत्र जमिनींतून उगवतें, जागचें हालत नाहीं, म्हणून तें झाड, असा सरळ हिशेब होता. किण्वाचे मणी हॉलंडांतील लेवेनहुक ह्यानें १६८० सालीं बीअर नांवाच्या पेयाच्या थेंबांत पाहिले, पण ते सजीव आहेत हें त्यास उमगलें नाहीं. १८३७ च्या सुमारास तीन निरनिराळ्या संशोधकांनीं किण्व सजीव असून साखरेचा मद्यार्क तेंच करतें असें प्रतिपादिलें. ही कल्पना त्या काळच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांस इतकी हास्यास्पद वाटली कीं, लीबिग व वोलर ह्या दोघां नामांकित जर्मन पंडितांनीं १८३९ सालीं एक निनांवी थट्टालेख छापला. त्यांत किण्वाच्या अंड्यांतून अर्क काढण्याच्या भांड्याच्या आकाराचे चिमुकले प्राणी बाहेर येतात, तोंडानें साखर गिळतात आणि दुसऱ्या बाजूनें मद्यार्क सोडतात, असें वर्णन होतें! किण्वास प्राण्यांच्या पंक्तीस बसविणें हीच त्यांच्या मतें थट्टेची परमावधि होती. पुढें पाश्चरच्या प्रयोगांनीं किण्व सजीव आहे हें निर्विवाद ठरलें. १९६९ सालीं व्हिटेकर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें बुरशीचें वनस्पतींहून निराळें राज्य मांडलें; आणि १९९३ सालीं बाल्डॉफ व पामर ह्यांनीं निरनिराळ्या सजीवांतील प्रथिनांची तुलना करून दाखविलें कीं बुरशीचे सर्वांत जवळचे नातलग वनस्पति नसून प्राणी आहेत.

म्हणजे किण्व हें आंब्याच्या झाडापेक्षां देवमाशास अधिक जवळचें. शंभर कोटि वर्षांहूनहि पूर्वीं पाण्यांत राहणारा एक एकपेशीय जीव होता. त्याच्या वंशाच्या एका शाखेंतून बुरशी निघाली व दुसरींतून प्राणी. वनस्पतींचें घराणें त्याच्याहि आधीं वेगळें झालें होतें. ह्या नात्याच्या खुणा अजून दोन्हींकडे सांपडतात. झाड आपलें अन्न उन्हांत स्वतः करतें. बुरशीला व प्राण्याला तें दुसऱ्याकडून मिळवावें लागतें. झाड उरलेली साखर पिष्टाच्या रूपानें सांठवितें. किण्व आणि देवमासा दोघेहि ती ग्लायकोजेनच्या रूपानें सांठवितात. बुरशीच्या पेशीच्या भिंतींत कायटिन नांवाचें चिवट द्रव्य असतें. देवमासा रोज जें क्रिल गिळतो त्याच्या कवचांतहि तेंच आहे, झाडांच्या लांकडांत मात्र नाहीं. पाण्यांत राहणाऱ्या कांहीं बुरशींचीं बीजें पोहतात तीं मागच्या टोंकास असलेल्या एकुलत्या एका शेंपटीच्या धक्क्यानें, आणि प्राण्यांच्या नरबीजपेशींस तशीच शेंपटी तेथेंच असते.

घराण्याची वही उघडून पाहिली तरी तेंच दिसतें. किण्वाच्या पेशींतील सर्व आनुवंशिक लेखन १९९६ सालीं वाचून पुरें झालें. त्यांत सुमारें ६,००० जनुक आहेत. देवमाशासारख्या सस्तन प्राण्यांत ते सुमारें २०,००० असतात. वजनांत दोघांमध्यें अठरा शून्यांचें अंतर. आणि ज्या सूचनांवरून हे देह घडतात त्या सूचनांत अवघें तिपटी-चौपटीचें!

श्वासाचेंच पाहा. निळा देवमासा क्रिलच्या थव्यांवर झडप घालण्यासाठीं दहा-पंधरा मिनिटें पाण्याखालीं राहतो. श्वास तर वरूनच घेतलेला. प्राणवायु कमी पडूं लागला म्हणजे त्याच्या स्नायूंच्या पेशी हवेवांचून साखर फोडूं लागतात व त्यांत लॅक्टिक आम्ल जमतें. मैदानावर शंभर मीटर जीव तोडून धांवल्यावर आपल्या पायांतहि हीच क्रिया चालते. बूच लावलेल्या बाटलींतील किण्वावरहि तोच प्रसंग असतो, आणि तेंहि तेंच करतें. साखरेचा एक रेणु फोडण्याच्या पहिल्या दहा पायऱ्या दोघांच्याहि अगदीं सारख्या आहेत. फरक पडतो तो त्यानंतर. देवमासा लॅक्टिक आम्लाच्या वाटेनें जातो, किण्व मद्यार्काच्या व कार्बन डायॉक्साइडच्या वाटेनें. त्या वायूनेंच पाव फुगतो.

वयाची नोंदहि दोघे आपापल्या अंगावर ठेवतात. देवमाशाच्या कानांत मळाचा लांबट खडा वर्षानुवर्षें थरावर थर चढून तयार होतो. मेलेल्या देवमाशाचा तो खडा उभा कापून झाडाच्या वलयांप्रमाणें थर मोजले म्हणजे वय कळतें. किण्वाच्या पेशीवर, अंकुर सुटून गेला कीं, त्या जागीं एक वाटोळा व्रण राहतो. विशिष्ट रंग देऊन ते व्रण मोजतां येतात. एक पेशी साधारण वीस ते तीस वेळां अंकुरते आणि मग म्हातारी होऊन मरते. वर दुपटीचा हिशेब केला त्यांत हें म्हातारपण धरलेलें नाहीं, हें आम्ही मान्य करतों. पण कोणत्याहि वेळीं निम्म्या पेशी नुकत्याच जन्मलेल्या असल्यामुळें त्या हिशेबास फारसा बाध येत नाहीं.

येथवर हें सर्व कौतुकाचें झालें. परंतु ज्या विद्यार्थिनीनें पहिला प्रश्न विचारला तिनें, आम्हीं आपली चूक सुधारल्यावर, दुसरा प्रश्न विचारला आणि तो कौतुकाचा नव्हता. तिच्या वडिलांस २०२१ सालीं कोरोनाच्या सांथींतून उठतांना म्युकरचा विकार झाला. ते वांचले, एक डोळा गेला, आणि औषधानें मूत्रपिंडें दुबळीं झालीं तीं अद्यापि पथ्यावर आहेत. तिनें विचारलें, "सर, जंतूंवर इतकीं औषधें आहेत, मग बुरशीवरचें औषध माणसालाच कां बाधतें?"

त्या वर्षीं महाराष्ट्रांत हजारों कुटुंबांनीं हा विकार पाहिला. लोक त्यास काळी बुरशी म्हणत. वास्तविक ती बुरशी काळी नसते, तिनें मारलेलें मांस काळें पडतें. आणि ती किण्वाच्या जातीची नसून शिळ्या पावावर केसांसारखी उगवणाऱ्या बुरशीच्या कुळांतील असते. एरव्हीं निरोगी माणसास ती बाधत नाहीं. मधुमेह हाताबाहेर गेलेला, त्यांत स्टेरॉइडचे डोस, अशा शरीरांत तिनें शिरकाव केला. तिच्यावर मुख्य औषध अँफोटेरिसिन-बी. त्याच्या एकेका कुपीसाठीं लोक एका शहरांतून दुसऱ्या शहरांत हिंडले.

तिच्या प्रश्नाचें उत्तर वर सांगितलेल्या नात्यांतच आहे. जंतु हे आपल्या घराण्यापासून अतिशय दूरचे. त्यांच्या पेशीस एक विशिष्ट प्रकारची भिंत असते, आपल्या पेशीस ती नसते. पेनिसिलिन त्या भिंतीच्या बांधकामांतच मोडता घालतें, म्हणून जंतु मरतो व रोगी बहुधा सुखरूप राहतो. (पेनिसिलिन स्वतः एका बुरशीपासूनच निघतें, हें फ्लेमिंगनें १९२८ सालीं पाहिलें.) बुरशीची गोष्ट तशी नाहीं. तिच्या पेशींतील केंद्रक, प्रथिनें घडविण्याची यंत्रें, ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका, सर्व आपल्यासारखें. तिला जें विष तें आपल्यालाहि विष होण्याचा संभव. तेव्हां औषध शोधणाऱ्यास दोघांमधील बारीकसारीक फरक हुडकावे लागतात. असा एक फरक पेशीच्या पातळ पडद्यांत आहे. देवमाशाच्या व आपल्या पेशींच्या पडद्यांत कोलेस्टेरॉल असतें. बुरशीच्या पडद्यांत त्याच्या जागीं एर्गोस्टेरॉल असतें. कोलेस्टेरॉलच्या रेणूंत कार्बनचे २७ अणु व हायड्रोजनचे ४६. एर्गोस्टेरॉलच्या रेणूंत कार्बनचे २८ व हायड्रोजनचे ४४. इतक्याच फरकावर अँफोटेरिसिनची सर्व भिस्त आहे. तें एर्गोस्टेरॉलला घट्ट धरतें आणि बुरशीचा पडदा निकामी करतें. पण कोलेस्टेरॉललाहि थोडेंबहुत धरतेंच, आणि त्याची झळ मूत्रपिंडांस लागते. औषधास चरबीच्या बारीक गोळ्यांत गुंडाळून देण्याची युक्ति निघाल्यापासून ही झळ कमी झाली आहे, नाहींशी झालेली नाहीं. ह्याच जातीचें एक औषध आपल्याकडेहि निघालें होतें. पुण्यानजीक पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स कारखान्यांत तिरुमलाचार ह्या शास्त्रज्ञानें मातींतील एका सूक्ष्मजीवापासून तें मिळविलें व १९६१ सालीं तें हॅमायसिन ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नांवांत पिंपरीचें नांव आहे.

हें ऐकून ती म्हणाली, "म्हणजे नातें आहे म्हणूनच बाबांना त्रास झाला." एका अर्थी तें खरें आहे, आणि आम्हीं तें नाकारलें नाहीं. परंतु ह्या नात्याचें दुसरें खातेंहि मांडून पाहिलें पाहिजे. माणसाच्या वा देवमाशाच्या पेशीवर वाटेल तो प्रयोग करणें शक्य नसतें. किण्वावर तो करतां येतो, आणि तेथें मिळालेलें उत्तर पुष्कळदां आपल्यासहि लागू पडतें. पेशी दोन होण्याची वेळ कशी ठरते हें हार्टवेल व नर्स ह्यांनीं किण्वांतच शोधलें. नर्सच्या प्रयोगशाळेंत तर असें किण्व घेतलें होतें कीं ज्याचा ह्या कामाचा जनुक बिघडलेला होता. त्यांत माणसाचा तोच जनुक घालतांच तें पुन्हां नीट विभागूं लागलें. हा प्रयोग १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. पेशींचें विभाजन बेताल होणें म्हणजे कर्करोग. ह्यावरून ह्या शोधाचें मोल कळेल. हार्टवेल, नर्स व हंट ह्यांस २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पेशी आपलेंच जीर्ण झालेलें सामान मोडून पुन्हां वापरते ती क्रिया जपानांतील ओसुमी ह्यांनीं किण्वांत उलगडली. त्यांस तें २०१६ सालीं मिळालें. २०१५ सालीं टेक्सासमधील संशोधकांनीं किण्वास जगण्यास अत्यावश्यक असे ४१४ जनुक निवडून, एका वेळीं एक, काढून त्या जागीं माणसाचा जोडीदार जनुक बसविला. जवळजवळ निम्म्या ठिकाणीं किण्व जगलें. शंभर कोटि वर्षें वेगळें राहूनहि एका घरची किल्ली दुसऱ्या घरच्या कुलुपास लागते! आणि घरांतील बाळास कावीळ-ब ची जी लस टोंचली जाते तिच्यांतील प्रथिन किण्वाच्या पेशींकडूनच करवून घेतलेलें असतें, हें पालकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर सजीवांचें वर्गीकरण दाखविणारा एक जुना तक्ता आहे. त्यांत बुरशीची फांदी अजून वनस्पतींच्या खोडास जोडलेली होती. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं त्या विद्यार्थिनीनें व मागच्या बांकावरील विद्यार्थ्यानें मिळून त्या फांदीवर कागदाची पट्टी चिकटविली आणि प्राण्यांच्या खोडापाशीं शाईनें नवी फांदी ओढली. फांदीच्या टोंकाशीं त्यांनीं अंकुर फुटलेलें किण्व काढलें आहे व शेजारीं निळा देवमासा. चित्राचें प्रमाण मात्र साधलें नाहीं. किण्वाची पेशी देवमाशाच्या डोक्याएवढी झाली आहे.